दोन बाजूंचा झेंडा

४ नोव्हेंबर

कोर्टासमोरचा झेंडा परवाच्या वाऱ्यात फाटला होता, आज नवा चढवला. पोस्टातून येताना मी पाहायला थांबले. पुढची बाजू ठीकठाक. मग वारा फिरला आणि मागची बाजू दिसली. कोरी. नुसतं निळं कापड आणि त्यावर पुढच्या ढालीची उलटी सावली.

पन्नास राज्यांत दोन्ही बाजूंना वेगळं चित्र असलेला झेंडा एकट्या ओरेगॉनचा आहे. पुढे सोनेरी ढाल, मागे सोनेरी बीव्हर, नदीत बांध घालणारा चपट्या शेपटीचा प्राणी. ही गोष्ट या गावाला मी शिकवली. एकतीस वर्षं चौथीचा वर्ग माझ्याकडे होता, आणि आज ज्यांची पोटं सुटली आहेत त्या सगळ्यांनी माझ्यासमोर हात मागे बांधून घडाघडा म्हटलेलं आहे: तेहतिसावं राज्य, चौदा फेब्रुवारी अठराशे एकोणसाठ, राजधानी सेलम, फूल ओरेगॉन ग्रेप, झाड डग्लस फर, मासा चिनूक. झेंडा चढवणाऱ्या क्लेटन बायबीनेसुद्धा. आता तो काउंटीचा कमिशनर आहे.

तशीच आत गेले. विचारलं, "क्लेटन, झेंड्याच्या मागच्या बाजूला काय असतं?"

तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "बीव्हर, बाई."

"मग कुठे गेला?"

त्याचं म्हणणं, कॅटलॉगमध्ये एकाच बाजूचा मिळतो. दोन बाजूंचा मुद्दाम सांगून करवून घ्यावा लागतो, आणि मागे एकदा करवला तर बीव्हर उंदरासारखा दिसत होता. मी सांगून टाकलं, राज्याच्या वाढदिवसापर्यंत मी शिवून देते. तो म्हणाला, "पण बाई, तुमचे..." लहानपणीही याचं वाक्य कधी पुरं होत नसे.

१३ नोव्हेंबर

ट्वायलाने कापड आणलं. मी गडद निळं सांगितलं होतं, ही काळं घेऊन आली. बोलून दाखवलं. ती कापड घेऊन दारात गेली आणि म्हणाली, आई, जरा उन्हात बघा. उन्हात निळं होतं. हल्लीचे रंग असेच, घरात एक आणि बाहेर एक.

ट्वायला माझी सून. डेलशी लग्न होऊन बावीस वर्षं झाली, दोघं गावापासून अठरा मैलांवर रँच सांभाळतात. बाई कामाला वाघ आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आहे आयडाहोची. बटाट्यांच्या राज्यातली. आज मी तिला झेंड्याची रचना समजावून सांगत होते आणि ती नुसती मान हलवत होती. मग म्हणाली, "आमच्या राज्याला स्वतःचा घोडा आहे. तुमच्याकडे काय, बिअरचं यीस्ट ना?"

यीस्टचं खरं आहे. सेलममध्ये बसलेल्या पर्वतापलीकडच्या लोकांनी राज्याचा अधिकृत सूक्ष्मजीव म्हणून तेही जाहीर केलं. मी तेव्हा पत्र लिहिलं होतं. पर्वताच्या त्या बाजूला पाऊस फार पडतो, त्यामुळे घरात बसून लोकांना असलं काहीतरी सुचतं. आमच्या कोरड्या बाजूने राज्याला काय दिलं? सनस्टोन दिला, थंडरएग दिला. दगड दिले, पण असे दगड दिले की फोडल्यावर आत चांदणं सापडावं. हे मी तिला सुनावलं. तिने सुईत दोरा ओवून माझ्या हातात दिला.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टर्की छान झाली होती. जेवण मात्र कडू झालं.

डेलने माझ्या दारातली टपालपेटी आडवी झालेली पाहिली. मी म्हटलं, मागच्या आठवड्यात रस्तेवाल्यांनी खांब सरकवला आणि मला सांगितलं नाही, म्हणून पिकअप घासली. तो ऐकून घेईना. म्हणे किल्ली दे, घर बंद कर, रँचवर ये, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. एका दमात चार हुकूम. ट्वायला भोपळ्याचं पाई कापत होती, आमच्याकडे बघतही नव्हती. मला कळतं. माझी खोली तिने रंगवूनही ठेवली आहे म्हणे. मला तिथे नेऊन बसवायची घाई तिलाच जास्त असणार.

मी डेलला विचारलं, राज्याचं ब्रीदवाक्य काय?

तो चाळीस वर्षं मागे गेल्यासारखा म्हणाला, "ती आपल्याच पंखांनी उडते."

"ती," मी म्हटलं. "तिचा मुलगा तिला उडवतो असं नाही लिहिलेलं."

तो हसला नाही. मग मीच पैज लावली. चौदा फेब्रुवारीला माझा झेंडा बिनचूक चढला, तर घर आणि गाडी हे विषय या कुटुंबात पुन्हा निघणार नाहीत. एक जरी चूक निघाली, तर किल्ली त्याची आणि मी रँचवर. डेलने हात पुढे केला, मी मिळवला. चूक माझ्या हातून होत नाही, हे त्याला माहीत असायला हवं होतं.

९ डिसेंबर

बीव्हर पुरा झाला. आज मन भरून आलं. शेपटीवरची जाळी मी सोनेरी दोऱ्याने एकेक चौकट करून भरली. ट्वायला दर गुरुवारी येते आणि चाळीस सुयांमध्ये दोरा ओवून पिनकुशनमध्ये टोचून जाते. मी तिला सांगितलेलं नाही, तीच करते. हल्ली सुयांची भोकं फार बारीक काढतात.

बीव्हरवर बोटं फिरवली की अंग शहारतं. याच्या कातड्यापायी माणसं इथवर आली, याला जवळजवळ संपवून बसली, आणि मग त्यालाच झेंड्यावर बसवलं. वर्गात मी हे सांगायचे. मी पुढे सांगायचे की चूक कबूल करून मागच्या बाजूला का होईना पण सोन्यात काढणारं राज्य हे आपलंच. हे कुठल्याही पुस्तकात नाही, माझं स्वतःचं आहे.

२ जानेवारी

तेहतीस तारे. मोजले, पुन्हा मोजले, बोटांनी मोजले. तेहतीसच.

गावातलं साप्ताहिक आता इतक्या बारीक टाइपात छापतात की वाचावंसं वाटत नाही. बंद करायला सांगितलं.

१५ जानेवारी

आठ दिवस धुकं आहे. खिडकीत बसूनही उजेड पुरत नाही. दिवे बदलले, दुप्पट उजेडाचे बसवले, तरी मधोमध एक मळका डाग तरंगतो. बल्बच खराब निघाले असणार. ढालीतलं काम बारीक आहे: गाडी, बैल, एल्क, डोंगर, मावळता सूर्य, समुद्र, दोन जहाजं. एल्कची शिंगं आजच संपली. थकले.

खरं सांगायचं तर आज भीती वाटली. सुई बोटात घुसली आणि मला रक्त दिसलं नाही, ओलं लागलं तेव्हा कळलं. हे इथेच लिहिते, डेलला सांगायची गरज नाही.

२१ जानेवारी

जहाजं झाली. जहाजं म्हणजे या झेंड्याचा प्राण. शिडांचं लढाऊ जहाज इंग्रजांचं, ते निघून चाललंय. धुराड्याची आगबोट आपली, ती किनाऱ्याकडे येतेय. ही भूमी कुणाची होणार याचा निकाल त्या बोटभर समुद्रात लागलेला आहे. जो मुलगा हे उलट सांगायचा त्याला मी मधल्या सुट्टीत थांबवून घ्यायचे. क्लेटन तीनदा थांबलाय.

नमुना कागदावरून कापडावर उतरवायला सकाळ गेली. कापून, टाचून, शिवून टाकली.

५ फेब्रुवारी

आज तिन्ही थर जोडले. पुढचं कापड, मागचं कापड, मध्ये काळं अस्तर, नाहीतर उन्हात ढाल बीव्हरच्या पोटात दिसते. चारही कडा दुहेरी टाक्याने बंद केल्या. ट्वायला मशीन चालवत होती, मी कापड पुढे सरकवत होते. डेल बघून म्हणाला, हे घोंगडं वर जाऊन लोंबत राहणार. त्याला म्हटलं, आपल्या गावच्या वाऱ्याने वासरू उचललेलं तू पाहिलंयस, झेंडा काय उचलणार नाही?

ट्वायला जाताना झेंड्यापाशी बराच वेळ उभी होती. म्हणाली, "आई, समुद्र तुमच्या मनासारखा झालाय ना?"

मला वाटलं, निळ्या रंगाबद्दल विचारतेय. म्हटलं, अगदी मनासारखा. बरं, म्हणाली आणि कोट घालून गेली.

१२ फेब्रुवारी

आज मी माझीच परीक्षा घ्यायला बसले. डोळे मिटून, कारण दिवसअखेर डोळ्यांची फार चुरचुर होते, आणि बोटांवर माझा भरवसा आहे. गरुड नीट. तारे नीट. गाडीची चाकं नीट. मग समुद्र. शिडाच्या जहाजाचं टोक हाताला लागलं आणि माझं बोट तिथेच थांबलं. टोक किनाऱ्याकडे आहे. आगबोटीचं टोक चाचपलं. ते खोल समुद्राकडे, मावळत्या सूर्याकडे.

नमुना मी कापडाच्या उलट बाजूला उतरवला होता. कापलेले तुकडे पालथे पडले आणि जहाजं फिरली. गोधडी शिवणारी कुठलीही पोर ही चूक पहिल्या वर्षी करते. माझ्या झेंड्यावर इंग्रज उतरताहेत आणि आपण गाशा गुंडाळून चाललो आहोत.

उसवायचं तर तिन्ही थर उघडायला हवेत. दोन दिवसांत होणं नाही.

ट्वायलाला फोन केला. विचारलं, पाच तारखेला समुद्राचं विचारलंस ते जहाजांचं होतं का? ती हो म्हणाली.

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही पैज लावली होती ना," ती म्हणाली. "खांब एवढा उंच आहे आई. कुणाला दिसणार होतं? मी डेललाही सांगितलं नाही."

मी विचारलं, पण मी हरले असते तर तुझ्याकडे आले असते. खोली रंगवलीस ना? तर म्हणाली, खोली तीन वर्षांपूर्वी रंगवली, तुम्हाला कधी यावंसं वाटलं तर असावी म्हणून. "पण तुम्हाला हरवून नव्हतं आणायचं मला. तुम्हाला हरलेलं बघवणार नाही."

फोन ठेवला. बावीस वर्षं ही बाई माझ्या घरात येते-जाते आणि मी तिच्याबद्दल एक गोष्ट बरोबर ओळखलेली नाही. लाज वाटली, ते लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी

कुणालाही दिसणार नाही हे खरं आहे. दिवसभर तेच मनात घोळतंय. चढवायचा, टाळ्या घ्यायच्या, किल्ली खिशात ठेवून घरी यायचं. क्लेटनने गावभर फलक लावलेत. साठेक माणसं येतील. मेरियनबेरीच्या पाईचा बेत ठरलाय, तेही राज्याचं अधिकृत पाई म्हणून.

मला माझं घर आवडतं. सकाळी उठून कुणालाही न विचारता कॉफी करणं आवडतं.

१४ फेब्रुवारी

डाव्या बाजूने डोकं तिरकं करून लिहिते आहे. असं केलं की ओळ दिसते. हेही आज पहिल्यांदा लिहितेय.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बर्फ होतं. माणसं साठाच्या वर होती, टोप्या काढून उभी. क्लेटनने दोर हातात घेतला आणि मी म्हटलं, थांब. झेंडा पायरीवर दोघांना धरायला लावला, ढाल पुढे. मग मी वर्गात बोलायचे त्या आवाजात विचारलं, "शिडांचं जहाज कुणाचं?"

"इंग्रजांचं, बाई." सगळे एका सुरात. म्हातारेसुद्धा.

"कुठे चाललंय?"

"परत."

"आणि आगबोट?"

"आपली. येतेय."

"आता जवळ येऊन बघा."

आले. एकेक जण वाकून बघत होता आणि सरळ होऊन दुसरीकडे पाहत होता. शेवटी क्लेटन म्हणाला, "बाई, इंग्रज आले की."

लोक हसले, मीही हसले, आणि हसता हसता सांगून टाकलं. "चूक माझी. मला दिसत नाही. वर्षभरापासून नीट दिसत नाही." एवढं बोलायला मला वर्ष लागलं, आणि बोलून झाल्यावर काहीच कोसळलं नाही.

डेलसमोर किल्ली धरली. तो घेईना. खाली बघत म्हणाला, राहू दे गं आई. मी त्याच्या कोटाच्या खिशात कोंबली. पैज म्हणजे पैज.

क्लेटनने विचारलं, आजच्या दिवस हाच चढवू या का, एवढी माणसं आलीत, बीव्हर तर देखणा झालाय. दोनचार जण हो हो म्हणाले. मी नाही म्हटलं. या गावात चुकीचा झेंडा चढणार नाही, माझा तर नाहीच. राज्याच्या वाढदिवशी खांब रिकामा राहिला. सगळ्यांनी पाई खाल्लं, आणि निघताना रांग लावून बीव्हरच्या शेपटीवरून बोटं फिरवून गेले. माझी मान आज खाली गेली नाही.

२६ फेब्रुवारी

रँचवर आले. खिडकीतून गुरांचा आवाज येतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. दृष्टीचा मधला भाग गेला आहे, परत येणार नाही, कडा राहतील. कॉफी ट्वायला करत नाही. तिने डबा, चमचा, किटली यांच्या जागा दाखवल्या आणि म्हणाली तुमची तुम्ही करा. मी तिला बरंच काही म्हणणार होते, ते राहून गेलं.

आज उसवायला बसलो. ती उसवते, मी सांगते.

१८ मार्च

ही वही आता जाड मार्करने लिहिते. पानावर सहा ओळी मावतात.

ट्वायला एका टाक्यासाठी चारदा विचारते. एल्कला हात लागू नये म्हणून श्वास धरून बसते. आज जहाजं फिरली. तिने माझं बोट धरून दोन्ही टोकांवर ठेवलं. बरोबर आहे.

२९ मार्च

झेंडा चढला. फलक नव्हता, पाई नव्हतं. क्लेटन, डेल, आम्ही दोघी आणि पोस्टातली काही माणसं.

वर गेल्यावर क्षणभर काही नाही. डेल काहीतरी पुटपुटला. मग वाऱ्याने तो उचलला आणि तीन थरांच्या जाड कापडाने असा फटका मारला की कोर्टाच्या खिडकीतून लोकांनी डोकी बाहेर काढली. मी वर पाहिलं तर निळसर हलणारं काहीतरी दिसलं, तेही कडेकडेने.

ट्वायलाला म्हटलं, काय दिसतंय ते सांग.

ती सांगू लागली. गरुड. तारे, तेहतीस, कारण आपण तेहतिसावे. बैलगाडी, पश्चिमेकडे आलेल्यांची. एल्क. नांगर, पेंढी, कुदळ. अठराशे एकोणसाठ. सूर्य समुद्रात बुडतोय, शिडाचं जहाज निघालंय, आगबोट किनाऱ्याला येतेय. मग वारा फिरला आणि ती म्हणाली, "आता बीव्हर." आणि सांगत राहिली, न अडखळता, कुठे काही न गाळता, आणि मी विचारलं नव्हतं तेही: त्याला जवळजवळ संपवलं होतं, म्हणून सोन्यात काढलाय, चूक कबूल करून. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. तिची लेक, माझी नात, माझ्या वर्गात होती, तिच्या गृहपाठावरून ट्वायलाने पाठ केलं असणार.

"दहापैकी दहा," मी मोठ्याने म्हटलं.

क्लेटन म्हणाला, "बाई, हे बरं नाही. आम्हाला कधी नाही दिलेत."

"कुणालाच नाही दिले."

ट्वायला माझा दंड धरून उभी होती. म्हणाली, "आई, मी आयडाहोची आहे."

"होतीस," मी म्हटलं.